पोरांचं अळणी

“‘जेवण झकास, पण मुलांना नेऊ नका,’ असं खवय्यांच्या ग्रुपवर तुम्हीच लिव्हलंय न्हवं? फोटो वळखला मी.” खानावळीच्या मावशींनी ताट ठेवता ठेवता विचारलं. नवऱ्यानं सोयीस्करपणे तांबड्या रश्श्यात मान घातली.

“तिखट असतं ना सगळं,” मी पुटपुटले. मांडीवर अडीच वर्षांची लेक, पुढ्यात घरून आणलेला मऊ भात. नेहमीप्रमाणे तिनं तोंड घट्ट मिटलेलं. दोन महिने तिचं वजन जागचं हललं नव्हतं.

“कोल्हापुरात नव्या दिसताय. अवो, मागायचं की! मटणात मसाला पडायच्या आधी पोरांचं अळणी काढून ठेवतोय आमी.” मावशींनी बिनमसाल्याच्या कोमट रश्श्यात भाकरी कुस्करून वाटी पुढे सरकवली.

हाडाचा तुकडा तर नाही ना, म्हणून मी वाकून बघत होते, तेवढ्यात लेकीनं वाटीत हात घातला. एक घास, दुसरा, तिसरा. मग मोजायचंच राहिलं.

“बघू गं, तिखट नाही ना?” मी चमचा पुढे केला.

तिनं वाटी पोटाशी ओढली. “माझं!”