अर्धा तास पाण्यात

घोडी न्यायची गाडी फाटकाशी येऊन लागली, तेव्हा मोतद्दार तिच्या ठाणातच होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. वाटेत खायला तिला बरोबर काय द्यावं म्हणून त्याने डावा हात गवताच्या जाळीत घातला. जाळी बाहेरून ओली होती, थेंबही गळत होते. आत मात्र गवत खडखडीत कोरडं. त्याने मूठभर बाहेर ओढलं तशी धूळ उडाली आणि घोडीला खोकल्याची उबळ आली.

तिचं नाव तपकीर. रंगावरून ठेवलेलं, पण महिनाभर बिचारी शिंकून खोकून नावाला जागत होती. सुक्या गवताची धूळ तिच्या छातीला सोसत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, गवत अर्धा तास पाण्यात बुडवल्याशिवाय काडीसुद्धा घालू नका. नेमका त्याच आठवड्यात मोतद्दाराचा हात मोडला आणि ते काम त्याच्या थोरल्या भावाने अंगावर घेतलं. याच भावाने त्याला लहानपणी घोड्याजवळ उभं राहायला शिकवलं होतं. डॉक्टर दर आठवड्याला विचारायचे, "भिजवून देता ना?" आणि मोतद्दार छाती ठोकून सांगायचा, "दादा भिजवतोय. घड्याळ लावून!" स्वतः जाऊन बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. थोरल्या भावाच्या मागे कोण तपासत फिरतं?

म्हणून तर डॉक्टर आज अंगणात मालकीणबाईंसमोर घोडी निकामी झाल्याचा कागद लिहीत बसले होते. भिजवलेलं गवत खाऊनही खोकला हटत नाही, म्हणजे फुप्फुसच गेलं, आता इलाज नाही. अशी घोडी मालकीणबाई ठेवणार नव्हत्या. आणि ही गाडी घोडी कुठे नेते ते तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून परत आलेलं जनावर कोणी पाहिलं नव्हतं.

मोतद्दार हौदाकडे गेला. गवत पाण्यावर तरंगतं, म्हणून जाळीवर ठेवायचा मोठा दगड भिंतीला लागून पडला होता. दगड आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं.

दादा बादली घेऊन येत होता.

"दादा, हा दगड शेवटचा कधी उचललास?"

दादाने दगडाकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"अरे, वरून पाणी मारत होतो की. सकाळचं हे पाणी म्हणजे नुसता बर्फ. माझी बोटं किती दुखतात, तुला माहीत नाही?"

"मी रोज विचारत होतो तुला."

"मग काय सांगणार? तूच जिथे तिथे दादाचे गोडवे गात होतास." दादाने आवाज खाली आणला. "आता गप्प बस. घोडी आज जाईल. भाऊ इथेच राहणार आहे."

भाऊ खोटं बोलला हे तर होतंच. पण ते खोटं दर आठवड्याला डॉक्टरांपर्यंत नेलं होतं ते मोतद्दाराच्याच तोंडाने.

तो तडक अंगणात गेला.

"डॉक्टर, लिहू नका. गवत कोरडं होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग इतके दिवस आम्हाला काय सांगत होता?" मालकीणबाई कडाडल्या.

मागे दादाच्या चपला थांबल्याचं त्याने ऐकलं.

"न बघता सांगत होतो, बाई."

डॉक्टरांनी ठाणात जाऊन जाळीत हात घातला, बोटांवरची धूळ पाहिली आणि कागद चार घड्या करून खिशात टाकला. म्हणाले, "पंधरा दिवस थांबू या. पण आता खरोखर भिजवलेलं गवत."

गाडी रिकामी परत गेली.

"भिजवणार कोण?" मालकीणबाईंनी विचारलं. "यांचा तर हात हा असा."

"मी आहे ना, बाई," दादा पुढे होत म्हणाला. महिनाभर ज्या आवाजात सांगत होता, त्याच आवाजात.

मोतद्दाराने ठाणातून जाळी सोडून आणली आणि हौदात टाकली. ती तरंगू लागली. दगड एका हाताने उचलण्यासारखा नव्हता. डाव्या हाताने त्याने जाळी दाबली, तर ती दुसऱ्या बाजूने वर आली. मग त्याने गळ्यातली झोळी काढली आणि उजवा हातही कोपरापर्यंत पाण्यात घातला. जाळी खाली गेली. पाणी पांढुरकं होऊ लागलं.

"अरे, वेडा का खुळा! प्लास्टर विरघळेल!" दादा दगडाकडे धावला. "थांब, मी ठेवतो हा."

"राहू दे, दादा," मान वर न करता मोतद्दार म्हणाला. "पाणी फार गार आहे."