पुस्तकाची फळी

पियानोवरची स्वरलिपीचं पुस्तक ठेवायची फळी गायब होती. बाईंनी झाकणाच्या मागे पाहिलं, खाली वाकून पाहिलं, मग दोन्ही हात कमरेवर ठेवून रिकाम्या सभागृहाला विचारलं, "कुणी पळवली?"

पियानो सुरात लावायला आलेला ट्यूनर तारांशी झटत होता. मान वर न करताच त्याने पडद्याकडे बोट दाखवलं.

संचालक हसतच बाहेर आले. एकेकाळी बाईंचेच विद्यार्थी, आता या संगीत विद्यालयाचे सर्वेसर्वा. "मीच काढायला सांगितली, बाई. एकट्याच्या कार्यक्रमात वादक न बघता, पाठ वाजवतात. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मी पुस्तकात बघून वाजवणार आहे."

"लोक म्हणतील, बाई विसरतात."

"विसरतातच! गेल्या वर्षी याच स्टुलावर विसरले, नऊशे माणसांदेखत. दोनदा मागच्या ओळीवरून सुरू करून पाहिलं, तिसऱ्यांदा उठून आत गेले. आता ते कुणापासून लपवायचं?"

त्यानंतर बाईंना वाजवायला कुणी बोलावलं नव्हतं. परीक्षक म्हणून बोलवत, पहिल्या रांगेत बसवत, हातात पुष्पगुच्छ देत. आजचा कार्यक्रम त्यांनी भांडून मिळवला होता. आज पुन्हा अडलं, तर उरलेलं आयुष्य पुष्पगुच्छ घेण्यातच जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि पुष्पगुच्छांचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

"दोन छोट्या रचना वाजवा ना," संचालक म्हणाले. "अगदी पाठ असलेल्या. लोकही खूश, तुम्हीही खूश."

"मी नाही खूश. मला गेल्या वर्षीची ती मोठीच वाजवायची आहे. बोटं शाबूत आहेत माझी. डोकं मधेच दगा देतं, त्याला काय करू? घरी ठेवून येऊ?"

ट्यूनरला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

संचालकांचं हसू मात्र मावळलं. "आणि माझ्याशी कशा वागला होतात, बाई? बारा वर्षांचा होतो मी. काखेत पुस्तक घेऊन या रंगमंचाच्या पायऱ्यांवर उभा होतो. 'पाठ नसेल तर वर चढायचं नाही.' असं म्हणून आल्या पावली परत पाठवलंत. आई-बाबा समोर बसले होते माझे."

हे वाक्य बाईंनी चाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं होतं, आणि ऐकवताना त्यांना बरंही वाटायचं. त्या पायऱ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबतीत चुकलं, बाकीच्या पोरांच्या बाबतीतही चुकलं. इतकी वर्षं ठासून चुकीचं शिकवलं. पण म्हणून तू तेच पुढे चालवणार?"

संचालक पडद्याची घडी नीट करू लागले.

"फळी आणा हो," बाईंनी ट्यूनरला सांगितलं. त्याने संचालकांकडे पाहिलं, आणि आपल्या कोटाखाली झाकून ठेवलेली फळी आणून जागच्या जागी बसवली.

"आता पानं उलटायला माणूस लागेल," बाई म्हणाल्या.

"एखादी विद्यार्थिनी देतो."

"विद्यार्थिनी नको. तू बस."

सहाला पडदा सरकला. बाईंनी पुस्तक फळीवर ठेवलं, पर्समधून चष्मा काढला, बाहीला पुसला, सावकाश नाकावर चढवला. सभागृहात कुजबुज झाली. ती विरेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, सरळ सुरू झाल्या.

डावीकडच्या लहान खुर्चीवर संचालक आखडून बसले होते. बाईंनी मान हलवली की ते उठत, पान उलटत, बसत. पहिला भाग नीट पार पडला. दुसऱ्या भागातल्या एका पानावर लाल पेन्सिलीचा मोठा गोल होता आणि शेजारी बाईंचं अक्षर: 'लक्ष कुठे आहे?' लहानपणी संचालकांच्या प्रत्येक पानावर हेच लिहिलेलं असायचं. इथे बाईंनी ते स्वतःला लिहिलं होतं. म्हणजे गेल्या वर्षीची जागा हीच.

त्यांनी बाईंच्या बोटांकडे पाहिलं. बोटं त्या गोलात शिरली आणि पलीकडे निघाली. इतक्या जवळून त्यांनी बाईंना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ते ऐकतच राहिले. पान संपत आलं. बाईंनी मान हलवली. पुन्हा हलवली.

"विसरलास ना?" वाजवता वाजवताच बाई म्हणाल्या, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात. "होतं असं. पान उलट."