हाव म्हन

भिंतींना कान असतात, हे पूर्वी नुसतं म्हणायचे. आता नांदेडच्या प्रत्येक खांबावर ऐकणारा भोंगा होता, आणि सरकारी परवानगीशिवाय प्रेम करणाऱ्यांना शिपाई उचलून नेत. भोंग्यांना पुस्तकी मराठीच कळायची, एवढं बरं. म्हणून सौदामिनी आणि अनिमेष, दोघंही शिक्षक, भर दुपारी बसस्थानकावर गावच्या बोलीत पळून जायचं ठरवत होते.

“देगलूरची गाडी सुटून राहिली. येतीस, का भ्यालीस?”

“भ्याले असते तर घरी भाकरी थापत बसले नसते का?” सौदामिनी हसली. देगलूरपुढं सीमा होती, आणि सीमेपलीकडं भोंगे नव्हते.

“मंग हाव म्हन की!”

ती हो म्हणायला तोंड उघडणार, तोच डोक्यावरचा भोंगा खरखरला. आजवर एकही भोंगा बोलला नव्हता.

“हाव म्हन, सौदे. लई येळ लावून राहिलीस.”

आवाज तिच्या वडिलांचा, दादांचा होता. श्रावणात तिनंच त्यांना अग्नी दिला होता.

“हाव, दादा,” तिच्या तोंडून निघून गेलं, आणि बोलीतला होकार नेमका कळल्यासारखे स्थानकावरचे सगळे भोंगे एकदम तिच्याकडं वळले.