शाळेची भिंत

पैनगंगेला पूर आला की तांड्याचे नाईक प्रेमसिंग शाळेच्या भिंतीवर, पाणी चढलं तिथं गेरूची रेघ मारून साल लिहायचे. चोवीस वर्षांत अशा सात रेघा झाल्या होत्या.

तांडा उंचावर हलवायचा की नाही, हे नदीकाठच्या लोकांशी चर्चा करून ठरवायला पांढरकवड्याहून साहेब आले. शाळेतच बैठक बसली.

"औंदा कापूस त गेलाच सायेब, घरात छातीइतकं पानी होतं," जमनीबाई म्हणाल्या. "मी काय मनानं सांगून राह्यली काय?"

"तसं नाही बाई. पण काही खूण, नोंद?"

सगळे साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघू लागले.



काल अख्ख्या तांड्यानं मिळून तिला चुना दिला होता आणि वर लिहिलं होतं, 'साहेबांचे हार्दिक स्वागत.'