पुसलेली नावं

नवजात बाळांसाठीचा आमचा इन्क्युबेटर चाचणीत पुन्हा थिजला. प्रोग्राम कुठे अडला ते सांगणाऱ्या यादीत फंक्शनची, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या तुकड्यांची, नावं हवी होती. पडद्यावर नुसते आकडे होते, धुक्यातल्या दिव्यांसारखे.

"बिल्डच्या सेटिंगमध्ये नावं पुसायला कुणी सांगितलंय, मृदुलाताई?" शेजारच्या फरीदाने विचारलं.

मीच. माझ्या हाताखाली प्रोग्राम लिहिणारा हेरंब प्रत्येक फंक्शनला मराठी नाव द्यायचा. गिऱ्हाइकाच्या नजरेस ती पडू नयेत म्हणून मी त्या सेटिंगवर खूण केली, वर सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. त्यानंतर तो मला काही विचारेनासा झाला. वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला.

मी खूण काढली, प्रोग्राम नव्याने बिल्ड करून यंत्रात भरला आणि इन्क्युबेटर पुन्हा थिजेपर्यंत थांबले. आकडे विरघळले. पाण्याखालून वर यावीत तशी नावं एकेक करून उमटली: बाळाला_ऊब_दे. बाळ_कुशीवर_वळलं. हलकेच_वारा_घाल. सगळ्यात वर, जिथे अडलं होतं तिथे: मृदुलाताईंना_विचारायचंय. ते फंक्शन उघडलं. आत अर्धवट सोडलेली एकच ओळ.

ती पूर्ण करायला फरीदाने कीबोर्ड पुढे ओढला. मी तिला थांबवलं आणि फोन लावला.

"हेरंब, मृदुला बोलतेय. काय विचारायचं होतं रे?"