कोरूबा एअरवेजचा उशीर

"कोरूबा एअरवेजच्या विमानाला उशीर होत आहे," विमानतळावर ओडिलनं नेहमीप्रमाणे माइकवरून सांगितलं. कंपनीच्या उरलेल्या शेवटच्या विमानात राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्यानं कधीच हॉटेल काढलं होतं. पण राष्ट्रीय विमान कंपनी बंद पडली असं म्हणणं हा देशद्रोह होता. उशिराला मात्र कायद्याची हरकत नव्हती.

बाकावर रोजच्यासारखा एकटा म्हातारा मासाम्बा बसला होता. लढाईनं रस्ते तुटल्यापासून त्याची मुलगी पलीकडच्या बंदरात अडकली होती. आज ओडिलला राहवलं नाही. ती जवळ जाऊन म्हणाली, "बाबा, घरी जा. विमान येणार नाही. विमानच उरलेलं नाही."

"मला कळत नाही होय? पण आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. घरी म्हातारी लेकीच्या भेटीसाठी जीव धरून आहे. मला खोटं बोलता येत नाही. म्हणून इथं यायचं, तू सांगशील ते ऐकायचं आणि घरी जसंच्या तसं सांगायचं."

ओडिल धावत गेली आणि माइकवर जीव खाऊन ओरडली, "उशीर होत आहे! अगदी थोडाच उशीर!"

"राहू दे, पोरी," मासाम्बा म्हणाला. "म्हातारी शब्द ऐकत नाही, माझा चेहरा बघते."