व्याह्याचा मान

घरमालक रतिलालभाऊ जिना चढताना ललितला दिसले. भाऊंच्या हातात पिशवी होती. पिशवीत कुलूपच असणार, दुसरं काय!

खोली भाऊंची होती. धुळ्याच्या सगळ्या देवपुरात ललितला दुसरं कुणी खोली देईना, कारण त्याचा उद्योगच तसा होता. रोज रात्री मोबाइलवर ‘ताकाला जाऊन’ नावाचा बातम्यांचा कार्यक्रम, आणि त्यात गावातल्या मोठ्या माणसांची यथेच्छ टिंगल. शेवटची पाच मिनिटं मात्र सुंदरबाईंची. लग्नात नवरीकडच्या बायका व्याह्याला गाण्यातून शिव्या घालतात, त्यात सुंदरबाईंनी हयात घालवली होती. ललितने त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवलं. त्या दिवशी ज्याने कुणी दिवे लावले असतील, त्याला व्याही समजून त्या गायच्या. सदराचं नाव ‘व्याह्याचा मान’. बातम्या कुणी बघो न बघो, मानासाठी अर्धं धुळं जागं असायचं.

गेला आठवडा प्रभागातल्या नगरसेवकांचा होता. नगरसेवक चार. पहिल्याने बाग केली होती. त्याला सुंदरबाईंनी आपल्या अहिराणीत ऐकवलं, “व्याही उना, व्याही उना, मिरवत दारी, बागमा झाड एक, नि फिती कापी चारी!” दुसऱ्याचे रस्त्यावरचे दिवे भर दुपारी जळायचे, तिसऱ्याचा रस्ता झाला त्याच आठवड्यात पुन्हा खोदला गेला. दोघांचाही यथासांग मान झाला. चौथे रतिलालभाऊ. ललितने शहाणपणा केला आणि त्यांचं नाव गाळलं. घरमालकाशी वाकडं घ्यायला तो काही वेडा नव्हता.

तरी भाऊ आले होते, आणि चेहरा लालबुंद होता.

“आमच्या प्रभागाचा आठवडा संपला ना रे?”

“हो भाऊ. पण तुमचं नाव आम्ही कुठंही...”

“तेच विचारतोय! कुठंय माझं नाव?”

भाऊ खुर्चीत बसले आणि त्यांचा बांध फुटला.

“चहाच्या टपरीवर लोक त्या तिघांची गाणी म्हणताहेत. बागवाल्याला तर पोरं टाळ्या वाजवून दाखवतात. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. निवडणूक तोंडावर, आणि एक जण मला विचारतो, भाऊ, यंदा उभे नाही का? अरे, मांडवात ज्याला शिवी पडत नाही तो व्याही कसला? तो तर वाढपी! ते काही नाही. आज रात्री मला शिवी पडली पाहिजे. नाही पडली, तर उद्या खोली खाली कर.”

पिशवीतून कुलूप नाही, लुगडं निघालं. हिरवंगार, जरीच्या काठाचं. गाणं संपलं की व्याह्याने गाणारणीला लुगडं द्यायचं, ही रीत भाऊ विसरले नव्हते.

ललितचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! कोपऱ्यात सुंदरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. तो त्यांच्याकडे वळला.

“अक्का, मीच म्हटलं होतं भाऊंना सोडा म्हणून. आता घ्या त्यांना. दोनच ओळी.”

“तू सांगं म्हनीसन नही सोडं मी,” सुंदरबाई म्हणाल्या. “माले काही सापडनंच नही.”

“म्हणजे?” भाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

“शिवी देवाले काही तं पाहिजे ना भाऊ. त्या तिन्हीसनी काहीतरी करं. वाकडं करं, पन करं. तुमी काय करं?”

भाऊ विचारात पडले. पाच वर्षं आठवून पाहत होते बिचारे. ललितला मनापासून कीव आली, आणि स्वतःच्या खोलीची काळजी तर त्याहून जास्त.

“मी... मी लोकांचे फोन उचलत नाही!” भाऊ एकदम म्हणाले. “घ्या, हे घ्या गाण्यात.”

“तुमले फोन लावस कोन?”

“माझे बॅनर लागतात की चौकाचौकात!”

“कसाना?”

“वाढदिवसाचे.”

“वाढदिस तं म्हैसले बी येस भाऊ.”

ललितला खुदकन हसू आलं. त्याने लगेच तोंड दाबलं, पण व्हायचा तो घोटाळा झाला होता. भाऊ आता खोलीकडे चारी बाजूंनी बघत होते, जणू तिथे उद्यापासून काय ठेवायचं ते ठरवत होते.

“अक्का, उगीच काहीतरी म्हणा हो,” ललित काकुळतीला आला. “जाडे म्हणा, टकले म्हणा. खोलीचा प्रश्न आहे.”

“मी खोटं गास नही,” सुंदरबाईंनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. “खोटं गावं तं लोके हसतस नही.”

ते ललितलाही माहीत होतं. सगळा कार्यक्रम त्यावरच चालला होता. मनातल्या मनात त्याने सामान बांधायला घेतलं.

शेवटी भाऊंनी लुगड्याची घडी गुडघ्यावर ठेवली आणि मान खाली घालून, अगदी हळू आवाजात विचारलं, “मग मी काय करू अक्का?”

सुंदरबाई उठल्या. त्यांनी भाऊंच्या गुडघ्यावरचं लुगडं उचललं, दिव्याखालच्या फळीवर नीट ठेवलं आणि पदराने हात पुसले.

“लुगडं आठे फळीवरच ऱ्हाऊ द्या. नि येक गटार बांधा भाऊ. वाकडी बांधशातच. मंग शिवी देवाले मी शे ना!”